शिष्यवृत्ती : एक दुतर्फी करार

१. प्रचलित मतांचे समान मूळ

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना राज्याच्या तिजोरीतून मिळणाऱ्या अर्थसाहाय्याविषयी आपल्याकडे दोन मते रूढ आहेत, आणि ती परस्परविरोधी भासत असली तरी त्यांचा उगम एकाच समजुतीत आहे. पहिले मत असे की, शिष्यवृत्ती हा गरजू मुलांवर सरकारने केलेला उपकार होय. तेव्हा ती किती मिळाली, उशिरा का मिळाली, याविषयी तक्रार करणे उपकृताला शोभत नाही. दुसरे मत असे की, शिष्यवृत्ती हे करदात्याकडून घेतलेले उसने होय. तेव्हा ते व्याजासह, किंवा व्याजाऐवजी काही वर्षांच्या सक्तीच्या सेवेने, विद्यार्थ्याकडून वसूल झालेच पाहिजे. पहिले मत विद्यार्थ्याला याचक समजते आणि दुसरे त्याला कर्जदार समजते. परंतु राज्य हे केवळ देणारे असून घेणाऱ्याचे ते काहीही लागत नाही, हे गृहीत दोहोंनाही सारखेच मान्य आहे.

हे गृहीत टिकणारे नाही, असे मला येथे दाखवावयाचे आहे. शुल्कमाफी, शिष्यवृत्ती, निर्वाहभत्ता आणि सेवेने फिटणारे कर्ज ही चारही एकाच कराराची निरनिराळी रूपे आहेत, आणि त्या करारात राज्य हा विद्यार्थ्याइतकाच बांधलेला पक्षकार आहे. विद्यार्थ्यावर सेवेची अट घालण्याचा अधिकार राज्याला पोहोचतो, यात मला शंका नाही. पण पैसा वेळेवर द्यावा, निर्वाहाला पुरेल इतका द्यावा, आणि जी सेवा मागावयाची ती प्रत्यक्षात करता येईल अशी जागा तयार ठेवावी, या तीन अटी राज्य स्वतः पाळत असेल तरच तो पोहोचतो. यांपैकी एक जरी मोडली, तरी थकबाकीदार म्हणून प्रथम राज्याचेच नाव लिहावे लागेल.

२. खजिना कोणाचा?

विद्येला राज्याने आश्रय द्यावा, ही कल्पना महाराष्ट्राला इंग्रजांनी शिकवली नाही. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. राज्य गेल्यावर कंपनी सरकारने ती एकदम बंद न करता, १८२१ मध्ये तिच्यातील काही रक्कम पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळवली; पुढे त्याच निधीतून ग्रंथकारांना पारितोषिके आणि महाविद्यालयांतील बुद्धिमान तरुणांना फेलोशिपा मिळू लागल्या. न्यायमूर्ती रानडे हे तरुणपणी असेच दक्षिणा फेलो होते. श्रावणात वाटावयाचे दान अध्ययनाच्या मोबदल्यात द्यावयाचे वेतन झाले, हा पालट मोठा होता; परंतु लाभधारकांचे वर्तुळ फारसे रुंदावले नाही, आणि ज्या महसुलातून राज्याचे सारे खर्च निघत तो भरणाऱ्या रयतेची मुले त्या वर्तुळाबाहेरच राहिली.

या विसंगतीवर जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात नेमके बोट ठेवले. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हे त्यांचे पहिले म्हणणे. आणि निव्वळ चढाओढीने शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत तत्त्वतः समन्यायी दिसली तरी तिच्यामुळे मागे राहिलेल्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही, हे दुसरे. या दोन म्हणण्यांतून एक तिसरा निष्कर्ष निघतो आणि तोच आपल्या प्रश्नाचा पाया आहे. खजिना जर रयतेच्या श्रमांतून भरत असेल, तर रयतेच्या मुलाला त्यातून मिळणारी रक्कम म्हणजे आधीच भरलेल्या ठेवीचा परतावा होय. आज जमीनमहसुलाची जागा वस्तूंवरील कराने घेतली आहे, आणि तो कर काडेपेटी आणि साबण विकत घेणारा शेतमजूरही भरतोच. म्हणजे ‘करदात्याचा पैसा’ असे म्हणताना विद्यार्थ्याच्या बापाला करदात्यांच्या यादीतून वगळण्याचा अधिकार कोणालाच नाही.

३. बडोद्याचा करारनामा

सेवेच्या अटीवर दिलेल्या शिष्यवृत्तीचे आपल्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण बडोदे संस्थानातील आहे. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकर यांनी संस्थानाच्या शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्यासमोर एका करारनाम्यावर सही केली. अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड याप्रमाणे तीन वर्षे शिष्यवृत्ती संस्थानाने द्यावी, आणि शिक्षण संपताच त्यांनी दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, असा तो करार होता. छत्तीस महिन्यांचे मिळून ४१४ पौंड आणि त्यांच्या बदल्यात आयुष्यातील दहा वर्षे, हे परिमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

करार देणारा राजा सामान्य नव्हता. आपल्या संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे सयाजीराव गायकवाड हे त्या काळच्या हिंदुस्थानातील अत्यंत दूरदर्शी राज्यकर्त्यांपैकी एक होते, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील तरुणाला समुद्रापार पाठवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, याबद्दल महाराष्ट्र त्यांचा सदैव कृतज्ञ राहील. विद्यार्थ्यानेही आपल्या बाजूने काही उणे ठेवले नाही. कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी १९१५ मध्ये एम. ए. केले, नंतर लंडनला अध्ययन आरंभले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे ते अध्ययन अर्धवट टाकून १९१७ मध्ये कराराप्रमाणे ते बडोद्यास नोकरीवर हजर झाले.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे, पण त्याचा विचार सहसा कराराच्या दृष्टीने केला जात नाही. कचेरीतील शिपाई कागदपत्रे दुरून फेकत आणि पिण्याचे पाणी मिळणे कठीण असे. शहरात कोणी घर देईना, म्हणून जात लपवून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही हुसकावले. राहावयास छप्पर नाही अशा स्थितीत त्यांना मुंबईस परतावे लागले आणि दहा वर्षांच्या सेवेचा करार काही दिवसांतच निष्फळ ठरला.

हा करार मोडला कोणी? कागद पाहणारा म्हणेल, विद्यार्थ्याने. कारण नोकरी त्याने सोडली. परंतु ज्या संस्थानाने दहा वर्षांची सेवा मागितली, त्याने ती करणाऱ्याला निवारा देण्याची, कचेरीत मान राखण्याची आणि आपल्याच हाताखालच्या शिपायांना शिस्त लावण्याची कोणतीही जबाबदारी लेखी वा प्रत्यक्ष पतकरली नव्हती. करारनाम्याने विद्यार्थ्याला बांधले होते आणि राज्याला मोकळे सोडले होते. उदारातल्या उदार राजाचा हेतूही असल्या एकतर्फी दस्तऐवजाला तारू शकला नाही, हा या प्रसंगाचा राज्यशास्त्रीय अर्थ आहे. बाबासाहेबांचे लंडनमधील शिक्षण पुढे शाहू महाराजांचे साह्य, नवल भथेना या मित्राकडून घेतलेली रक्कम आणि प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेला पैसा यांवर पुरे झाले. त्याच बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तरतूद व्हावी म्हणून आग्रह धरला, आणि १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली.

४. पहिली अट : मुदत

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आज देशातील सर्वांत मोठ्या शैक्षणिक साहाय्यांपैकी एक आहे. केंद्र आणि राज्य यांनी तिचा भार ६० : ४० या प्रमाणात उचलावा आणि पाच वर्षांत त्यासाठी ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद व्हावी, असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. रक्कम लहान नाही आणि हेतूही स्तुत्य आहे. परंतु राज्याने आपला हिस्सा आधी द्यावा आणि मगच केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँकखात्यात जमा व्हावा, या रचनेत दोन सरकारांपैकी एकाने जरी दिरंगाई केली, तरी तिची झळ दोघांनाही लागत नाही, ती लागते विद्यार्थ्याला. महाविद्यालयाच्या खिडकीवर शुल्काची बाकी त्याच्या नावावर दिसते, परीक्षेचा अर्ज अडतो, पदवीनंतर गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला अडकून पडतो, आणि दाखल्याअभावी पुढील प्रवेश किंवा नोकरी हातची जाते.

येथे एक तत्त्व स्पष्ट करणे अवश्य आहे. शिक्षणाचे साहाय्य हे काळाशी बांधलेले असते. जूनमध्ये लागणारा पैसा पुढल्या मार्चमध्ये मिळाला तर त्याची बेरीज तेवढीच राहते, पण त्याचे प्रयोजन नष्ट झालेले असते. मधल्या काळात सावकाराकडून किंवा सोने तारण ठेवून उचललेल्या रकमेचे व्याज कुटुंब भरते, आणि कित्येक विद्यार्थी अभ्यासक्रमच सोडतात. पीक करपल्यावर पोहोचलेल्या पाटाच्या पाण्याने शेतकऱ्याचे जेवढे भले होते, तेवढेच या उशिरा आलेल्या मंजुरीने विद्यार्थ्याचे होते. नागरिकाने कर उशिरा भरला तर सरकार त्यावर व्याज आणि दंड आकारते. मग सरकारने शिष्यवृत्ती उशिरा दिली तर तिच्यावर व्याज का नसावे? या प्रश्नाला प्रशासनाकडे ‘शिरस्ता नाही’ याखेरीज उत्तर नाही.

५. दुसरी अट : पुरेपणा

दुसरा भ्रम असा की, शुल्क माफ झाले म्हणजे शिक्षण मोफत झाले. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी जी सवलत सुरू झाली आणि जिला सारा महाराष्ट्र ‘ईबीसी’ या नावाने ओळखू लागला, तिच्यामुळे वार्षिक १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील असंख्य मुलांना महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडता आला. तिचे ऐतिहासिक श्रेय निर्विवाद आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत संपूर्ण शुल्कमाफी देण्याचा शासनाचा निर्णय त्याच परंपरेतील आहे आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु गडचिरोलीहून नागपूरला किंवा माणदेशातून पुण्याला आलेल्या मुलीच्या खर्चाचा शुल्क हा एक भाग असतो. खोलीचे भाडे, खाणावळ, प्रवास, पुस्तके आणि तिच्या घरी न येणारी मजुरी हा दुसरा भाग असतो, आणि पुष्कळदा तोच मोठा असतो.

हे सत्य आपल्या समाजसुधारकांना सरकारच्या फार आधी कळले होते. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेचा पायाच वसतिगृह आणि ‘कमवा व शिका’ हा होता. खेड्यातल्या मुलाला शाळेपासून दूर ठेवणारे कारण फीपेक्षा भाकरी हे आहे, हे त्या दोघांनी अचूक ओळखले होते.

आता चालू दर पाहा. २०२१ नंतरच्या मॅट्रिकोत्तर योजनेत अभ्यासक्रमांच्या पहिल्या गटातील वसतिगृहवासी विद्यार्थ्याला वर्षाला १३,५०० रुपये शैक्षणिक भत्ता आहे. बारा महिन्यांत विभागला तर तो दरमहा सव्वाअकराशे होतो. चौथ्या गटातील विद्यार्थी वसतिगृहाबाहेर राहत असेल तर त्याला वर्षाला २,५०० रुपये मिळतात. महाराष्ट्राच्या स्वाधार योजनेने वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठेवली, म्हणजे खरा निर्वाहखर्च किती याची कल्पना शासनाला नाही असे म्हणता येत नाही. मॅट्रिकोत्तर योजनेची उत्पन्नमर्यादा दीर्घकाळ २.५ लाखांवर थांबलेली आहे. मजुरी आणि महागाई वाढत गेल्याने कालचा पात्र विद्यार्थी श्रीमंत न होताच आज अपात्र ठरतो. सरकारी नोकराचा महागाईभत्ता वर्षातून दोनदा निर्देशांकाशी जुळवून घेतला जातो. तोच निर्देशांक विद्यार्थ्याच्या ताटाला लागू न करण्याचे कोणतेही अर्थशास्त्रीय कारण अस्तित्वात नाही.

६. तिसरी अट : सेवेची जागा

सेवाबंधाचे आजचे सर्वांत ठळक रूप वैद्यकीय शिक्षणात दिसते. शासकीय महाविद्यालयांत अल्प शुल्कात शिकलेल्या डॉक्टराने ग्रामीण भागात काही काळ सेवा द्यावी, ही मागणी न्याय्य आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये असे बंध वैध ठरवले, हे योग्यच झाले. परंतु त्याच निर्णयात न्यायालयाने काही राज्यांच्या अटींच्या कठोरपणाची दखल घेऊन देशभर एकसारखे धोरण असावे, असेही सुचवले होते; आणि चर्चेत हा दुसरा भाग मागे पडला.

महाराष्ट्रात एम. बी. बी. एस. नंतरच्या एक वर्षाच्या सेवेऐवजी १० लाख रुपये भरून मोकळे होण्याची वाट अनेक वर्षे खुली होती. या तरतुदीचा सामाजिक अर्थ भयंकर आहे. ज्याच्या घरी दहा लाख आहेत तो बंधातून सुटतो आणि ज्याच्या घरी नाहीत तो बंध पाळतो. म्हणजे सार्वजनिक कर्तव्य हे गरिबीवरील कर बनते. खरा सेवाबंध पैशाने फिटता कामा नये, आणि फिटत असेल तर त्याला दंडाची पावती म्हणावे.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. नेमणुकीचा हुकूम महिनोन्महिने न मिळणे, आरोग्यकेंद्रात निवासस्थान मोडके असणे, औषधांचा साठा आणि परिचारिका नसणे, रात्री एकट्या स्त्री-डॉक्टरला संरक्षण नसणे, ही सेवेत त्रुटी घडवणारी कारणे आहेत, आणि त्यांचे उत्तरदायित्व राज्याचे आहे. याउलट पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाहावे. तेथेही सेवेचा बंध आहे आणि तो सौम्य मुळीच नाही. पण शिक्षण संपताच हुद्दा, वेतन, निवास आणि कामाची जागा तयार असते. जेथे राज्य आपली बाजू पुरी करते, तेथे बंध हा जुलूम वाटत नाही, ती एक प्रतिष्ठित वाट वाटते.

७. अमेरिकेतील दोन प्रयोग

सेवेने फिटणाऱ्या कर्जाची कल्पना अमेरिकेत आपल्यापेक्षा अधिक विस्ताराने राबवली गेली आहे. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने विद्यार्थ्यांना कर्जे दिली आणि पुढे शिक्षक होणाऱ्याचे कर्ज दर वर्षाच्या सेवेमागे एक दशांश, असे निम्म्यापर्यंत माफ केले. या रचनेचा गुण असा की, तीन वर्षांनी नोकरी सोडणाऱ्याच्याही तीन वर्षांची सेवा हिशेबात राहते.

२००७ च्या कायद्याने नेमके उलट घडवले. सार्वजनिक सेवेत राहून १२० मासिक हप्ते भरणाऱ्याचे उरलेले कर्ज माफ व्हावयाचे होते. पण दहा वर्षांनी पहिले अर्ज आले तेव्हा शंभरातील सुमारे नव्व्याण्णव फेटाळले गेले, कारण कर्जाचा प्रकार, परतफेडीची पद्धत किंवा एखादे प्रमाणपत्र नियमात बसत नव्हते. त्याच कायद्याने सुरू केलेल्या शिक्षक-अनुदानात, गरीब वस्तीतील शाळेत आठ वर्षांच्या आत चार वर्षे शिकवण्याची अट होती. आणि प्रत्यक्ष शिकवत असलेल्या हजारो शिक्षकांचे अनुदान वार्षिक कागद वेळेवर न पोहोचल्यामुळे सव्याज कर्जात बदलले गेले. पुढे सरकारला दोन्ही बाबतींत दुरुस्त्या कराव्या लागल्या. सेवा झाली की नाही हे ठरवण्याची कसोटी कागद असेल, तर प्रामाणिक सेवकही कर्जबुडवा ठरतो, हा या अनुभवाचा सार आहे.

८. संभाव्य आक्षेप

(अ) *राज्याच्या चुकीमुळे बंध सुटतो असे मानले, तर प्रत्येक विद्यार्थी चूक शोधत बसेल.* दुतर्फी करारात दोन्ही पक्षांची कर्तव्ये मोजता येतील अशी लिहावी लागतात: अमुक तारखेस रक्कम, अमुक दिवसांत नेमणूक. वाद अशा ठिकाणी कमी होतात. पळवाटा निघतात त्या संदिग्ध मजकुरातून, आणि आजचा मजकूर राज्याच्या बाजूस पूर्ण संदिग्ध आहे.

(आ) *सेवेची सक्ती ही वेठबिगार आहे.* संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली आहे, आणि त्याच अनुच्छेदाने सार्वजनिक प्रयोजनासाठी, धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद न करता, सक्तीची सेवा लादण्याची राज्याला मुभाही दिली आहे. भेद नसावा ही अट येथे कळीची आहे. पैसेवाल्याला सुटका आणि निर्धनाला सेवा देणारा बंध त्या अटीच्या आत्म्याशी विसंगत आहे. सर्वांना सारखा लागू होणारा, योग्य वेतनाचा आणि मर्यादित मुदतीचा बंध वेठ नव्हे.

(इ) *फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. म्हणून शिष्यवृत्तीऐवजी बँकेचे कर्ज द्यावे.* कुटुंबाची मजुरी बुडवून मूल शिकवणाऱ्याला शिक्षण कधीच फुकट मिळालेले नसते. शिवाय बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ७.५ लाखांपुढे तारण मागितले जाते. म्हणजे ज्याला कर्जाची निकड सर्वाधिक, त्यालाच ते मिळणे सर्वांत अवघड. आणि कर्जाचा हप्ता मनुष्याला अधिक पगाराच्या नोकरीकडे ढकलतो. ज्या शिक्षकांची, परिचारिकांची, कृषितज्ज्ञांची दुर्गम भागाला गरज आहे, त्यांना शुद्ध कर्ज तिकडे जाऊ देत नाही.

(ई) *राज्याकडे इतका पैसा नाही.* हा आक्षेप प्रामाणिक असेल तर त्याचा निष्कर्ष असा असावा की, राज्याने पाळता येतील तेवढ्याच योजना जाहीर कराव्यात. नावे अनेक आणि रकमा थकलेल्या, यापेक्षा योजना थोड्या आणि वक्तशीर असणे विद्यार्थ्याच्या अधिक हिताचे आहे.

९. नव्या करारनाम्याची कलमे

या विवेचनावरून पुढील तरतुदी कायद्याने, नुसत्या शासननिर्णयाने नव्हे, व्हाव्यात असे माझे मत आहे. पहिली : प्रत्येक हप्त्याची तारीख निश्चित असावी, विलंबाचे व्याज विद्यार्थ्याच्या खात्यात आपोआप जमा व्हावे, आणि सरकारकडील बाकीपोटी कोणत्याही संस्थेने विद्यार्थ्याचा दाखला अडवू नये. दुसरी : निर्वाहभत्ता आणि उत्पन्नमर्यादा महागाई निर्देशांकाशी जोडाव्यात. तिसरी : सेवाबंध असल्यास शिक्षण संपल्यापासून तीन महिन्यांत निवासासह नेमणूक मिळावी, आणि न मिळाल्यास बंध संपुष्टात यावा. चौथी : सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे कर्जाचा ठरावीक अंश फिटावा, आणि त्याची नोंद नेमणूक करणाऱ्या खात्याने स्वतः ठेवावी, विद्यार्थ्याकडे पुरावा मागू नये. पाचवी : पैसे भरून सेवेतून सुटण्याची सोय कोणालाही नसावी, आजारपण किंवा तत्सम आपत्तीत सेवा पुढे ढकलता यावी.

सहावी तरतूद या सर्वांची किल्ली आहे. आज बंध न पाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या याद्या होतात आणि त्यांच्यामागे वसुलीचा तगादा लागतो. तशीच यादी राज्याची व्हावी : किती शिष्यवृत्त्या मुदतीत दिल्या, किती थकल्या, किती बंधपत्रधारकांना जागा मिळाली नाही, हे खातेवार विवरण प्रत्येक अर्थसंकल्पी अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवणे संबंधित मंत्र्यावर बंधनकारक असावे. ज्या वर्षी ते विवरण ठेवले जाणार नाही, त्या वर्षी कोणत्याही विद्यार्थ्याविरुद्ध बंधभंगाची वसुली करण्याचा अधिकार राज्याला नसावा. कराराचे पालन मागणाऱ्याने आपल्या पालनाचा हिशेब आधी द्यावा, एवढीच या लेखाची मागणी आहे, आणि लोकराज्यात ती कोणत्याही अर्थाने जास्त नाही.